अक्कलदाढ : काढावी की ठेवावी?

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शिक्षक, ग्रामपंचायतींचे पदाधिकारी आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषयाचे नाव ऐकताच सभागृहात थोडेसे हसू पसरले, ते साहजिकच आहे. ‘याला अजून अक्कलदाढ आलेली दिसत नाही’ हा टोमणा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला आहे. अक्कल हा शब्द मूळचा अरबी. अरबीतही या दाताला अकलेचीच दाढ म्हणतात. माणूस समजुतीच्या वयात येतो त्या सुमारास, म्हणजे साधारणपणे १७ ते २५ या वर्षांत, ती उगवते. म्हणून हे नाव. मात्र ती ज्याच्या जबड्यात ठणकू लागते, त्याला या नावातील विनोद सुचत नाही.

मी कला शाखेचा पदवीधर आहे, दंतवैद्य नव्हे. जाणकारांनी सांगितलेले शास्त्र लोकांच्या बोलीत लोकांपर्यंत पोहोचविणे, एवढेच माहिती खात्यातील माणसाचे काम. हे काम आज आपल्यापुढे करण्याचे कारण असे की, गावात दाढ दुखू लागली म्हणजे माणूस प्रथम दवाखान्यात जात नाही. तो शेजाऱ्याला विचारतो, गुरुजींना विचारतो, सरपंचांना विचारतो. ‘काढून टाकू का? पुण्याला जावे लागेल का?’ नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंतच्या डोंगरपट्ट्यात, घाटघर, हातवीज, आहुपे यांसारख्या गावांत, या प्रश्नाच्या उत्तरावर दोन दिवसांची मजुरी आणि एस.टी.चे भाडे अवलंबून असते. कधी कधी याहूनही पुष्कळ अधिक अवलंबून असते. ते पुढे सांगतो.

प्रथम ही दाढ त्रास का देते, ते पाहू. जबड्याच्या चारही टोकांना मिळून अक्कलदाढा चार. पण त्या सर्वांनाच येतात असे नाही. सुमारे पाचांतील एका माणसात निदान एक अक्कलदाढ मुळात तयारच होत नाही. ज्यांना येते, त्यांच्या जबड्यात ती सर्वांत शेवटी येते. तोवर पुढच्या दाढांनी जागा धरलेली असते. जागा पुरली तर ती सरळ उगवते आणि आयुष्यभर मुकाट्याने काम करते. जागा पुरली नाही तर ती तिरपी होते, आडवी पडते किंवा हाडातच राहते. खालच्या जबड्यात हा प्रकार अधिक त्रासदायक ठरतो. अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीची एक झालर राहते आणि तिच्याखाली अन्नाचे कण शिरतात. उंबऱ्याखाली कचरा साचावा तसे ते तेथे साचतात व कुजतात, कारण ब्रश तेथवर पोहोचत नाही. मग हिरडी सुजते, गिळताना दुखते आणि तोंड पुरते उघडत नाही. अक्कलदाढेचे दुखणे म्हणून आपल्याकडे जे सांगितले जाते, ते बहुधा हेच असते. म्हणजे दुखत असते ती हिरडी; दाढ पुष्कळदा निरोगीच असते.

हा भेद लक्षात आला म्हणजे पहिल्याच ठणक्याला दाढ उपटण्याची घाई का करू नये, हेही लक्षात येते. पहिल्या सुजेला साधा उपाय पुरतो. दंतवैद्य हिरडीखालची जागा धुऊन स्वच्छ करतात. रुग्णाने कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चुळा भराव्यात, पॅरासिटामॉलसारखी वेदनाशामक गोळी घ्यावी व ब्रश नेटाने मागपर्यंत न्यावा. जंतुनाशक औषधांची गरज सूज पसरू लागली किंवा ताप आला तरच असते. दुकानदाराला विचारून दोन दिवस कॅप्सूल घ्यायच्या आणि ठणका थांबला की सोडून द्यायच्या, हा प्रकार आपल्याकडे फार बोकाळला आहे. त्याने आजार बरा होत नाही, औषधाचा गुण मात्र जातो. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरणारेही आढळतात; तिने हिरडी भाजते, एवढेच.

मग दाढ काढावयाची केव्हा? या प्रश्नावर प्रगत देशांतही एकमत नव्हते व आजही पूर्णपणे नाही. त्रास नसतानाही तरुणांच्या अक्कलदाढा सरसकट काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ होती. ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २००० साली ती थांबविण्यास सांगितले. निरोगी अडकलेली दाढ काढण्याने लाभ होतो, याला पुरावा नाही. शस्त्रक्रियेचा धोका मात्र असतो, अशी तिची भूमिका होती. भरता न येण्याइतकी कीड, मुळाशी पू, दाढेभोवती द्रवाची गाठ, शेजारच्या दाताची झीज अशी कारणे असली तर दाढ काढावी. हिरडीची सूज पहिल्यांदाच आली असेल आणि ती फार तीव्र नसेल, तर तेवढ्यावरून काढू नये. पुन्हा आली तर काढण्याचा विचार करावा, असे तिने सांगितले. गावात सल्ला देणाऱ्या माणसाने यातील शेवटचे वाक्य लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होईल.

तथापि या निर्णयाची दुसरी बाजूही पुढे दिसून आली. ब्रिटनमधील दंतवैद्यांकडे पुढील वर्षांत अक्कलदाढेचे जे रुग्ण येऊ लागले, ते वयाने मोठे होते, आणि पुष्कळांच्या बाबतीत अक्कलदाढेपुढची दाढ किडलेली होती. तिरपी दाढ पुढच्या दाढेला टेकली की दोहोंमध्ये खाच तयार होते, तीत अन्न अडकते आणि पुढची दाढ मागच्या बाजूने, कोणाच्या नजरेस न येता, पोखरली जाते. भाकरी चावण्याचे खरे काम या पुढच्या दाढेकडे असते. निरुपयोगी दाढ राखण्यापायी कामाची दाढ गमावणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. म्हणून माझ्या मते, ‘दुखते काय?’ यापेक्षा ‘पुढच्या दाढेला धोका आहे काय?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर बोट घालून किंवा बॅटरी मारून मिळत नाही. त्यासाठी क्ष-किरण चित्र लागते. संपूर्ण जबड्याचे चित्र, ज्याला ओपीजी म्हणतात, त्यात दाढेची दिशा, मुळांची लांबी आणि खालच्या जबड्यातून जाणारी नस, सर्व एकत्र दिसते.

पुढचे दात वाकडे होतील या भीतीने अक्कलदाढ काढून घेणारे काही सुशिक्षित कुटुंबांत आढळतात. अक्कलदाढेच्या रेट्याने पुढचे दात वाकडे होतात, या समजुतीला भक्कम आधार मिळालेला नाही.

या नसेविषयी दोन शब्द. वरची दाढ काढली की डोळ्याची नजर जाते, असा समज दोन्ही तालुक्यांत जुन्या मंडळींकडून हमखास ऐकू येतो. या समजापोटी किडलेली दाढ वर्षानुवर्षे तोंडात बाळगली जाते. दृष्टीची नस डोळ्यामागून थेट मेंदूत जाते. दातांना संवेदना पुरविणारी नस अगदी वेगळी. दाढ काढल्याने नजर कमी होत नाही. चाळिशीत दाढही काढावी लागते आणि चष्माही लागतो, त्यामुळे लोकांनी दोहोंची सांगड घातली असावी. खरा धोका आहे तो खाली. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी नस जाते, जिभेची नसही जवळच असते. शस्त्रक्रियेत तिला धक्का लागला तर ओठ किंवा जीभ काही काळ बधिर राहते. कायमची बधिरता शंभरांत एकापेक्षाही कमी जणांना येते. पंचविशीनंतर मुळे पूर्ण वाढलेली असतात व हाडही घट्ट होत जाते, म्हणून काढावयाचीच असेल तर तरुण वयात काढणे सोपे जाते.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतो. तोंड उघडत नाही, मागे दुखते, ‘अक्कलदाढ येते आहे’, असे म्हणून महिनोन् महिने घरी बसलेले तरुण आपल्या गावांत आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. पण सुपारी, तंबाखू आणि चोरट्या पुड्या थांबलेल्या नाहीत. सुपारीच्या सेवनाने गालाचे आतील अस्तर हळूहळू ताठ होते व तोंड कमी कमी उघडू लागते. हा आजार कर्करोगाकडे जाऊ शकतो. अक्कलदाढेच्या सुजेने तोंड चार-आठ दिवस आखडते आणि सूज उतरली की मोकळे होते. ते महिन्याने मोकळे न होता अधिकच आखडत असेल, तर त्याला अक्कलदाढ म्हणू नये. निरोगी प्रौढाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी बसतात. ही परीक्षा शाळेतील शिक्षकालाही घेता येते. गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, अथवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर तपासणी त्याच आठवड्यात व्हावी. आपल्या माताभगिनींमध्ये मशेरीची सवय पुष्कळदा दातदुखीवरचा उपाय म्हणूनच सुरू होते. ठणका जातो, मशेरी राहते. आणि मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

दुसरा धोका तासांचा आहे. दाढेचा पू जबड्याखाली व जिभेखाली उतरला तर गळा सुजतो आणि श्वासमार्ग बंद होऊ शकतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये या आजाराचे वर्णन केले, त्यावरून त्याला त्यांचे नाव पडले आहे. ताप भरला, थुंकी गिळता येईना, आवाज घोगरा झाला, हनुवटीखाली सूज टणक लागू लागली, तर सकाळची वाट पाहू नये. चुना-गुळाचा लेप नाही, गरम शेक नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला आडवे न झोपविता बसवून न्यावे. आश्रमशाळांच्या अधीक्षक व अधीक्षिकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण वसतिगृहातील मूल रात्री कोणाला उठवावयास धजत नाही.

शाळेतील मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे दातही पाहिले जातात. अक्कलदाढेची अडचण अशी की, ती येते तेव्हा शाळा सुटलेली असते. मुलगा टोमॅटोच्या गाड्यांवर नारायणगावला किंवा कंपनीत चाकणला गेलेला असतो, मुलगी सासरी. ती मुलगी गरोदर असेल तर हिरडीची सूज लवकर चढते आणि घरचे म्हणतात, आता बाळंतपण होईपर्यंत काही करू नका. हे चुकीचे आहे. हिरडीची स्वच्छता केव्हाही करता येते, आणि दाढ काढणे टळत नसेल तर मधले तीन महिने त्याला सर्वांत सोयीचे. फक्त दंतवैद्याला दिवस गेल्याचे आधी सांगावे.

जावयाचे कोठे, हाही प्रश्न असतो. मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. घोडेगाव, जुन्नर व नारायणगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार विनाशुल्क केलेले आहेत. पंचायत सदस्यांना माझी सूचना अशी की, यांपैकी कोणत्या रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक कोणत्या वारी बसतात व क्ष-किरणाची सोय कोठे आहे, हे प्रत्यक्ष विचारून फलकावर लिहावे आणि वेळोवेळी बदलावे. मुळे नसेजवळ असलेली अवघड दाढ मात्र पुण्यालाच न्यावी लागेल. मंचरहून ते अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. आठवडे बाजारात बसून दात काढून देणाऱ्याकडे कोणालाही पाठवू नये. दंतवैद्यकासाठी नोंदणीची अट १९४८ च्या कायद्यापासून आहे.

वेळेचेही नियोजन हवे. दोनदा सूज येऊन गेलेली दाढ पावसाळ्यात तिसऱ्यांदा उठली, तर भातलावणीच्या दिवसांत, मुसळधार पावसात डोंगराळ रस्त्याने खाली उतरावे लागते. अशी दाढ उन्हाळ्यातच काढून घ्यावी. सकाळची वेळ घ्यावी, सोबत माणूस न्यावा, येताना स्वतः मोटारसायकल चालवू नये. पहिल्या दिवशी चुळा भरू नयेत, थुंकू नये. तंबाखू, विडी, मशेरी निदान आठवडाभर बंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी एकाएकी वाढले तर जखमेतील रक्ताची गाठ निघून गेलेली असते. त्यासाठी पुन्हा दवाखान्यात जाऊन जखमेत औषध भरून घ्यावे लागते. टाके विरघळणारे नसतील तर ते सुमारे सात दिवसांनी काढावे लागतात. तेव्हा ही दुसरी फेरी हिशेबात धरूनच पहिल्या फेरीचा दिवस ठरवावा.