उत्सवातील वात

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय आपणांस काहीसा दूरचा वाटेल. अमेरिकेतील विद्यापीठांत शिकणारी मेक्सिकन वंशाची मुले-मुली आपली संस्कृती कशी साजरी करतात, याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे काहींनी मला येथे येण्यापूर्वीच विचारले. माझे उत्तर असे की, संस्कृतीचा उत्सव दडपलेल्या समाजाचे बळ केव्हा बनतो आणि केव्हा निव्वळ करमणूक होऊन बसतो, हा प्रश्न त्या मुलांनी अर्धशतकाहून अधिक काळ प्रत्यक्ष जगून पाहिला आहे. त्यांच्या यशापासून आणि चुकांपासूनही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम थोडा इतिहास. 1846 ते 1848 या काळात अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध केले आणि 1848 च्या ग्वादालुपे इदाल्गो येथील तहाने कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा विस्तीर्ण मुलूख घेतला. टेक्सास त्याआधीच गेला होता. दोन्ही मिळून मेक्सिकोची निम्मी भूमी गेली. तेथील मेक्सिकन माणसे जागची हलली नव्हती. सीमाच त्यांच्या घरांवरून पुढे सरकली. त्यांच्यात पुढे शेतावर, रेल्वेवर आणि खाणींत राबण्यासाठी आलेल्या लाखो मजुरांची भर पडली. श्रम हवेत, पण श्रमिकाची भाषा नको, असा तेथील व्यवहार होता. शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना छड्या खाव्या लागत, आणि महाविद्यालयाची वाट दाखविण्याऐवजी त्यांना हातकामाच्या वर्गांकडे वळविले जाई.

या अपमानाचा स्फोट मार्च 1968 मध्ये झाला. पूर्व लॉस एंजेलिसमधील शाळांतून हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. त्यांच्या मागण्या काय होत्या? आमच्या भाषेत शिकवा, आमचा इतिहास पुस्तकात आणा, आमच्यातले शिक्षक नेमा. सरकारने तेरा जणांवर कटाचे आरोप ठेवले; ते पुढे न्यायालयात टिकले नाहीत. या तेरांत साल कास्त्रो नावाचे एक शिक्षकही होते, हे आपल्यातील शिक्षक-कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

पुढच्याच वर्षी, 1969 च्या एप्रिलमध्ये, सांता बार्बरा येथील विद्यापीठात परिषद भरली. वेगवेगळ्या नावांनी काम करणाऱ्या विद्यार्थी संघटनांनी तेथे एक नाव घेण्याचे ठरविले : ‘मेचा’. ही संघटनेच्या पूर्ण स्पॅनिश नावाची आद्याक्षरे आहेत. पण स्पॅनिशमध्ये ‘मेचा’ म्हणजे दिव्याची वात. त्या नावातील ‘चिकानो’ हा शब्द पूर्वी हिणवण्यासाठी वापरला जाई. या मुलांनी तो अभिमानाने कपाळी लावला. परिषदेने तयार केलेल्या योजनेत प्रवेश, शिष्यवृत्त्या, चिकानो इतिहासाचे अध्यापन आणि विद्यापीठाचे वस्तीशी असलेले नाते यांचा विचार होता. या मुलांनी नाचगाण्याबरोबरच अभ्यासक्रमावरही हक्क सांगितला, हे विशेष.

आता त्यांचे उत्सव पाहा. ‘सिंको दे मायो’, म्हणजे 5 मे. 1862 साली त्या दिवशी पुएब्ला येथे सेनापती सारागोसाच्या फौजेने फ्रेंच आक्रमकांना मागे रेटले. त्या वेळी अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावर यादवी युद्ध पेटले होते. कॅलिफोर्नियातील मेक्सिकन लोकांनी पुएब्लाचा विजय हा साम्राज्यशाही आणि गुलामगिरी या दोहोंविरुद्धचा विजय मानला आणि तेव्हापासून तो दिवस पाळला. शंभर वर्षांनी विद्यार्थ्यांनी त्याला नवे तेज दिले.

दुसरा सण नोव्हेंबरच्या आरंभीचा, मृतांच्या स्मरणाचा. वेदी मांडतात, तीवर गेलेल्यांची छायाचित्रे, त्यांच्या आवडीचे पदार्थ, मेणबत्त्या आणि झेंडूची फुले ठेवतात. हा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो तेथूनच येऊन रुजला. अनेक विद्यापीठांच्या आवारात विद्यार्थी अशी वेदी मांडतात, आणि कित्येक ठिकाणी तीवर सीमेवरच्या वाळवंटात तहानेने मेलेल्या अनाम स्थलांतरितांचेही स्मरण केले जाते. सण जुनाच, पण त्याने आजच्या दुःखाला जागा करून दिली.

कलेचेही तसेच. 1965 साली कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांच्या संपात लुईस व्हाल्देस यांनी शेतमजुरांची रंगभूमी उभारली. मालमोटारीच्या पाठीवर मजूरच मालकाचे आणि संपफोड्याचे सोंग घेत. विद्यार्थ्यांच्या नाट्यपथकांनी तिच्यापासून स्फूर्ती घेतली. भिंतींवर चित्रे रंगविण्याची परंपरा त्यांना मेक्सिकोच्या क्रांतीनंतरच्या चित्रकारांकडून मिळाली. त्यांतील अग्रणी दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर श्रमिकांच्या पंगतीत भाकरी मोडणारा जो पुरुष रंगविला, तो वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे. तेथील शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीशास्त्र शिकविणाऱ्या या परक्या माणसाला त्या संस्कृतीने आपल्या पंक्तीला बसविले, हे तिचे मोठेपण.

परंतु, मित्रहो, उत्सवाला बाजाराची दृष्ट लागते. 1980 च्या दशकापासून बीअर विकणाऱ्यांनी 5 मे हा दिवस पिण्याचा दिवस करून टाकला. मोठाल्या टोप्या आणि खोट्या मिशा लावून मजा करणाऱ्यांना पुएब्ला कोठे आहे हेही ठाऊक नसते. विद्यापीठांच्या अधिकाऱ्यांनाही रंगीत घागऱ्यांचा नाच प्रिय असतो; इतिहासाचा विभाग मागितला की मात्र तिजोरी रिकामी होते. 1993 साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात नेमके असेच घडले. विभागाची मागणी फेटाळली गेली, तेव्हा विद्यार्थी आणि त्यांचे काही सहकारी उपोषणास बसले. चौदा दिवसांनंतर चिकानो अध्ययनाचे केंद्र मान्य झाले. उलट, अ‍ॅरिझोना राज्याने 2010 साली कायदा करून तूसान शहरातील शाळांतला असा अभ्यासक्रम बंद पाडला. त्यामागे वंशद्वेष होता, असा निर्णय संघीय न्यायालयाने 2017 साली दिला. नाचाला कोणी बंदी केली नव्हती. बंदी आली ती इतिहासावर. सत्तेला भीती कशाची वाटते, ते यावरून ओळखावे.

येथवर सांगून थांबलो तर मी आपणांस अर्धेच सत्य सांगितले असे होईल. या चळवळीच्या घरातही अंधार होता. लाँग बीच येथे अ‍ॅना निएतो-गोमेझ या विद्यार्थिनीची संघटनेच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा पुरुष सहकाऱ्यांपैकी काहींना ते सोसवले नाही. तिची प्रतिमा फासावर लटकविण्यापर्यंत मजल गेली. परंपरा जपायची म्हणजे बाईने स्वयंपाकघर जपायचे, असा त्यांचा अर्थ होता. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी 1971 साली स्वतःचे वृत्तपत्र काढून उत्तर दिले. पुढे दुसरा प्रश्न आला. ‘आस्तलान’ ही अ‍ॅझ्टेकांची पुराणप्रसिद्ध मूळभूमी आपली, असा दावा संघटनेच्या नावातच होता. पण त्याच भूमीवर ज्या आदिवासी जमाती आजही नांदत आहेत, त्यांचे काय? 2019 साली तरुण प्रतिनिधींनी ‘चिकानो’ आणि ‘आस्तलान’ हे दोन्ही शब्द नावातून वगळण्याच्या बाजूने मत दिले. जुने कार्यकर्ते व्यथित झाले. ज्या शब्दांसाठी आम्ही मार खाल्ला ते तुम्ही टाकता, हे त्यांचे दुःख खोटे नव्हते. तरीही आपल्या अभिमानाखाली दुसऱ्याचा हक्क तर चिरडला जात नाही ना, हे विचारण्याचे धैर्य त्या मुलांनी दाखविले, याचे मोल मला अधिक वाटते.

संस्कृती साजरी करणे हा गुन्हा नव्हे. ज्याची भाषाच हिसकावून घेतली आहे त्याच्यासाठी तर ती पहिली गरज आहे. मात्र ज्याची त्याची ओळख त्याला परत मिळाल्यावर तिचे पुढे काय करायचे, हे ठरवावे लागते. दिव्याच्या वातीला तेल लागते आणि वरचेवर काजळीही झाडावी लागते. तेल श्रमिकांच्या प्रश्नांचे, आणि काजळी झाडायची ती स्वतःच्या हाताने. या दोन्ही गोष्टी करणाऱ्या त्या दूरच्या तरुणांची ओळख आपणांस करून द्यावी, एवढाच माझा हेतू होता.