फियाट अकराशे : उभ्या गाडीचे जतन आणि दुरुस्ती

‘विंटेज’ हा शब्द मराठीत कोणत्याही जुन्या मोटारीला सरसकट लावला जात असला, तरी त्याला दोन निश्चित अर्थ आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. मोटारींच्या इतिहासकारांच्या परिभाषेत पहिले महायुद्ध संपल्यानंतर, म्हणजे १९१९ पासून १९३० पर्यंत घडवलेली गाडी तेवढी विंटेज ठरते. भारत सरकारने मात्र २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीपासून पन्नासपेक्षा अधिक वर्षे उलटलेल्या, खासगी वापरातल्या आणि सांगाडा, कवच व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांना हा दर्जा दिला. अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नोंदणी दहा वर्षे चालते, आणि प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती यांखेरीज नेहमीच्या कामांसाठी ते रस्त्यावर आणता येत नाही. या अखेरच्या अटीचा परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही: कायद्याने विंटेज ठरलेली गाडी ही स्वभावतःच बहुतांश काळ उभी असलेली गाडी होते, आणि उभ्या गाडीची दुखणी धावत्या गाडीच्या दुखण्यांहून वेगळी असतात. तिच्या निगेचा विचार या फरकापासूनच सुरू करावा लागतो.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या नियमाच्या कक्षेत येणाऱ्या गाड्यांत सर्वांत ओळखीची गाडी म्हणजे फियाट अकराशे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे. आधीच्या गोलसर अंगाच्या गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले होते. १९६४ मध्ये आलेली ‘डिलाइट’ अधिक चौकोनी होती, आणि तीच पुढे १९७० च्या दशकात आधी ‘प्रेसिडेंट’ व मग ‘पद्मिनी’ या नावाने विकली गेली. तिचे चार सिलिंडरांचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे असून त्याचा ब्लॉक बिडाचा, तर वरचे हेड अॅल्युमिनियमचे आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, मागचा आस पाट्यांच्या कमानींवर बसवलेला आहे, आणि गाडीला स्वतंत्र सांगाडा नाही. पत्र्याचे कवच हाच तिचा कणा आहे, ज्याला तंत्रज्ञ ‘मोनोकॉक’ रचना म्हणतात. पुढील विवेचन या गाडीला धरून केले असले, तरी त्यातील बराचसा भाग त्या काळच्या इतर गाड्यांनाही लागू पडतो.

गाडी उभी राहिल्यावर तिच्यात नेमके काय घडते, हे समजले की निगेचे निम्मे काम आपोआप ठरते. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. इंजिन पुरेसे तापले तर ही वाफ बाहेर पडते. न तापले तर ती सायलेन्सरमध्ये आणि इंजिनाच्या ऑइलमध्ये साचते व ज्वलनातील अन्य द्रव्यांशी मिळून सौम्य आम्ल तयार करते. म्हणून दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करण्याची जी प्रथा अनेक घरांत मोठ्या मायेने पाळली जाते, ती गाडीला हितकारक नसून घातक आहे. पंधरा-वीस दिवसांतून एकदा का होईना, पण ऑइल पूर्ण तापेपर्यंत इंजिन चालावे, आणि नियमाच्या चौकटीत दुरुस्तीच्या निमित्ताने गाडी चार-सहा मैल रस्त्यावरून फिरून यावी, हे अधिक योग्य. कारण चाकांचे बेअरिंग, गिअरपेटी आणि मागचा डिफरन्शिअल यांच्यातले वंगण गाडी जागेवर उभी असताना हलतच नाही. ऑइल किलोमीटरांच्या हिशेबाने न बदलता वर्षाच्या हिशेबाने बदलावे, मग गाडी वर्षात दोनशे किलोमीटरच चालली असली तरी. दीर्घकाळ उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून न ठेवता चाकांना ओंडके लावावेत, कारण दमट हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसतात.

इंधनाचा प्रश्न अलीकडच्या वर्षांत सर्वांत बिकट झाला आहे. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले. ते शिसे व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये पातळ थर धरून झीज रोखत असे, त्यामुळे ज्या गाड्यांच्या बैठका थेट बिडाच्या हेडमध्ये कोरलेल्या आहेत, त्यांना कठीण धातूची कडी बसवून घेणे आवश्यक ठरते. फियाटसारख्या अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बैठका मुळातच वेगळ्या बसवलेल्या असल्याने ही चिंता तुलनेने कमी आहे. पण इथेनॉलमिश्रित पेट्रोलापासून फियाटचीही सुटका नाही. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी मिसळले की ते पाण्यासह पेट्रोलापासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. तिथून टाकीचा पत्रा आतून गंजू लागतो, कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्रित अंगावर पांढरी भुकटी धरते, आणि पेट्रोलपंपाचा जुना रबरी पडदा फुगून निकामी होतो. यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. रबरी नळ्या व पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावेत, टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक गाळणी बसवावी, आणि गाडी महिनाभर उभी करण्यापूर्वी कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकावे. शिवाय इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलापेक्षा कमी हवा लागते, म्हणजेच जुन्याच जेटवर, अर्थात इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या छिद्रयुक्त पितळी स्क्रूवर, हे मिश्रण ‘पातळ’ पडते व इंजिन अधिक तापते. अशा वेळी मुख्य जेट एका मापाने मोठा घालण्याचा विचार करावा आणि जुना जेट जपून ठेवावा.

जुनी गाडी हाती आली की मालकाचे मन इंजिनाकडे धावते. ते स्वाभाविक असले तरी क्रम चुकीचा आहे. पहिला हात ब्रेकला लागला पाहिजे. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत ब्रेक ऑइलचा एकच मार्ग असतो, त्यामुळे एका चाकाचे रबर फाटले तरी चारही ब्रेक एकदम जातात. नेहमीचे ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, हेसुद्धा ओलावा शोषणारे आहे. त्यात पाणी मुरले की व्हील सिलिंडर आतून गंजतो, आणि घाटात ब्रेक तापल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन पेडल रिकामे खाली जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्णपणे बदलावे. सिलिकोनचे डॉट ५ हे ऑइल पाणी शोषत नाही, परंतु ते आधीच्या ऑइलमध्ये मिसळता येत नाही. ते वापरायचेच असेल तर सर्व रबरे बदलून आणि नळ्या धुऊनच वापरावे. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवणे फुप्फुसांसाठी धोक्याचे आहे. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, आणि ही गोष्ट मिस्त्रीला व त्याच्या हाताखालच्या पोराला स्पष्टपणे सांगावी.

फियाट घाटात तापते, हा समज महाराष्ट्रात इतका रुजला आहे की तो गाडीचा जन्मजात दोष मानला जातो. वास्तविक त्याची कारणे बहुधा नंतरच्या हातांनी निर्माण केलेली असतात. पहिले कारण पाणी: विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये घातल्याने त्यातले क्षार नळ्यांत आणि ब्लॉकच्या पोकळ्यांत थर धरतात. बीड व अॅल्युमिनियम हे दोन भिन्न धातू अशा क्षारयुक्त पाण्यात एकत्र आले की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम झिजू लागते. डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक कूलंट यांचे मिश्रण हा त्यावरचा साधा उपाय आहे. गाडी तापते या समजातूनच आणखी एक दोष जन्मतो, तो म्हणजे काढून टाकलेला थर्मोस्टॅट. इंजिन तापेपर्यंत पाणी रोखून धरणारी ही झडप ‘गाडी थंड राहावी’ म्हणून काढून फेकण्याची सवय आपल्या गॅरेजांत सार्वत्रिक झाली. तिच्यावाचून इंजिन सपाटीवर नको इतके थंड राहते व ऑइलमध्ये पाणी साचते. तापण्याचे दुसरे कारण इग्निशन टायमिंग, म्हणजे पिस्टनच्या कोणत्या स्थितीत ठिणगी पडावी याचे माप. ठिणगी उशिरा पडली तरी इंजिन चालते, पण उष्णता वाढते, आणि दोष मात्र रेडिएटरवर येतो.

इतके होऊन इंजिन एकदा उकळले असेल, तर हेडची तपासणी टाळू नये. इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येणे, किंवा ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पांढरट थर धरणे, ही हेड गॅस्केट फुटल्याची लक्षणे मानली जातात; दुसरे लक्षण केवळ न तापवता चालवलेल्या गाडीतही दिसते, म्हणून एकट्या त्यावरून निदान करू नये. हेड उतरवल्यावर नवे गॅस्केट घालून ते तसेच परत बसवले, तर काम थोड्याच दिवसांत वाया जाते, कारण तापलेले अॅल्युमिनियम वाकलेले असते. सरळ पोलादी पट्टी हेडवर आडवी-तिरपी ठेवून फटीत फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा, घालून पाहावा आणि गरजेपुरतेच घासून घ्यावे. नट आवळताना मध्यापासून कडांकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळावेत. हाताच्या अंदाजावर कितीही विश्वास असला तरी अॅल्युमिनियमचे आटे त्या अंदाजाला माफ करत नाहीत.

इंजिन नीट चालत नाही अशी तक्रार असता, सुटे भाग एकामागून एक बदलत जाण्याची पद्धत खर्चिक तर आहेच, शिवाय ती मूळ कारण झाकून टाकते. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट, मग डेल्को, आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर, हा क्रम पाळला तर बहुतेक वेळा शेवटच्या पायरीवर जावेच लागत नाही. गॅरेजच्या बोलीत डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर. त्यातील पॉइंट उघडझाप करून ठिणगीची वेळ साधतात, आणि त्यांच्यातील फट साधारण ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. पॉइंटचा कॅमवर घासणारा तुकडा झिजून फट कमी झाली की ठिणगीची वेळही सरकते, म्हणून आधी फट आणि मगच टायमिंग लावावे. इंजिनाचे आरोग्य पाहण्यासाठी कॉम्प्रेशन चाचणी घ्यावी: प्लगच्या जागी दाबमापक लावून चारही सिलिंडरांचा दाब मोजावा. एखाद्याचा दाब इतरांहून बराच कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत आणि न वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह गळत आहे. पाच मिनिटांच्या या तपासणीने इंजिन उघडायचे की केवळ हेड, याचा निर्णय होतो आणि मालकाचे हजारो रुपये वाचतात.

कवच हाच कणा असल्याने फियाटच्या बाबतीत गंज हा केवळ रूपाचा प्रश्न उरत नाही. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात दाराखालच्या पेट्या, चाकांवरच्या कमानी आणि पायाखालचा पत्रा आतून कुजतो, तर बाहेरून रंग शाबूत दिसतो. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे मातीने बुजतात. पावसाळ्यापूर्वी ती तारेने मोकळी करणे, हे वर्षातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षिले जाणारे काम आहे. प्लॅस्टिकची ताडपत्री ओलावा आत कोंडते, म्हणून छपराखालच्या गाडीवर सुती आच्छादन घालावे. कुजलेल्या पत्र्यावर पुट्टीचे थर चढवणे म्हणजे रोग लपवणे होय. तो भाग कापून तितक्याच जाडीचा पत्रा जोडावा. मात्र दाराखालची पेटी कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार आडवे जोडून घ्यावेत, नाहीतर गाडी मध्यभागी खचते आणि मग कोणतेच दार नीट मिटत नाही.

किती बदलावे आणि किती राखावे, हा प्रश्न यंत्राइतकाच इतिहासाचाही आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत मूळ द्रव्य शक्य तितके राखावे आणि केलेली दुरुस्ती ओळखू यावी, अशी भूमिका आहे. जीर्ण मंदिराच्या शिळेवर ऑइलपेंट फासणे जसे अयोग्य, तसेच कुर्ल्याच्या कारखान्यात बसवलेला, थोडासा विटलेला पण धड असलेला डॅशबोर्ड काढून चकचकीत नवा बसवणेही अयोग्य होय. अर्थात ही कसोटी ब्रेक, टायर आणि विजेच्या तारा यांना लावू नये. ठिसूळ झालेली तार मूळची आहे म्हणून राखणे म्हणजे आगीला निमंत्रण.

सुट्या भागांचा प्रश्न यापुढे अधिक कठीण होणार आहे. मुंबईत फियाटचे भाग आणि ते बसवणारे हात इतकी वर्षे टिकले ते खासगी मालकांमुळे नव्हे, तर काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा संपताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सींच्या आधारावर चालणारी लहान गॅरेजे आता दुसऱ्या कामांकडे वळणे अटळ आहे. तेव्हा कुर्ल्याच्या भंगारबाजारात किंवा चोरबाजारात जुना पण अस्सल मास्टर सिलिंडर, डेल्को, दाराची बिजागरी असे काही मिळाले, तर गरज नसतानाही घेऊन ठेवावे; गंजलेला अस्सल भाग दुरुस्त होऊ शकतो, हलक्या प्रतीची नक्कल बहुधा होत नाही. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून ठेवावा, उघडण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, आणि टॅपेटची मापे, जेटचे क्रमांक, कोणत्या महिन्यात कोणते रबर बदलले, हे सारे एका वहीत तारखेसह लिहावे. वृद्ध मिस्त्री हेडचे नट कोणत्या क्रमाने आवळतो किंवा पॉइंटची फट पात्याशिवाय कशी ओळखतो, हे त्याच्याशेजारी उभे राहून विचारून घ्यावे आणि तेही त्याच वहीत, त्याच्या नावासह, उतरवून ठेवावे.