तीस मिनिटे : एक की अनेक?



आज एका चुकीविषयी बोलणार आहे. चूक विद्यार्थ्याची नव्हे, माझी.

सहामाहीच्या पेपरात नववीतल्या एका मुलीने लिहिले होते, ‘थर्टी मिनिट्स इज अ लाँग टाइम.’ मी ‘इज’ला लाल गोल केला, वर ‘आर’ लिहिले आणि गुण कापला. अनेकवचनी कर्त्याला अनेकवचनी क्रियापद, हा नियम फळ्यावर मीच लिहून दिलेला. दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन आली. म्हणाली, “सर, मराठीत आपण ‘तीस मिनिटे हा मोठा वेळ आहे’ म्हणतो ना? तिथे ‘आहेत’ कुठे येते?” मी “उद्या सांगतो” म्हटले आणि रात्री व्याकरणाची पुस्तके काढली. बरोबर तीच होती.

यवत स्टेशनवर पुण्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्याला तीस मिनिटे म्हणजे एकच लांबलचक थांबणे असते. काळाचे असे एक गाठोडे झाले की इंग्रजीत क्रियापद एकवचनी. पण तीच मिनिटे एकेक करून सरली, तर ‘थर्टी मिनिट्स हॅव पास्ड’. आपणही ‘तीस मिनिटे झाली’ म्हणतो. ‘द लास्ट टेन इयर्स हॅव बीन हार्ड’ यातही वर्षे एकामागून एक आलेली दिसतात, म्हणून अनेकवचन.

मात्र मराठी प्रत्येक वेळी हात देत नाही. ‘दहा मिनिटे पुरेशी आहेत’ हे आपल्याकडे शुद्ध. इंग्रजीत ‘टेन मिनिट्स इज इनफ’. अशा वेळी मी मुलांना मनात ‘एवढा वेळ’ हे शब्द घालायला सांगतो. ‘दहा मिनिटे, एवढा वेळ पुरेसा आहे.’ शब्द चपखल बसले तर ‘इज’. घड्याळाचे वेगळेच. आपले पाच ‘वाजले’, घरी कोणी ‘पाँच बजे’ म्हणते, इंग्रजाचे मात्र ‘इट इज फाइव्ह’. तिथे कर्ता ‘इट’, पाच नव्हेत. पुष्कळ मुले ‘फाइव्ह आर’ लिहितात ती इथेच फसतात.

त्या मुलीचा गुण मी वर्गासमोर परत दिला. पण तिच्या आधीच्या चार वर्षांतल्या मुलांनी माझ्याकडून ‘आर’च शिकून घेतले आहे. त्यांतले काही आज समोर बसले आहेत. त्यांनी आपल्या वहीत तेवढे ‘इज’ करून घ्यावे.