चावी खिळ्यावर, गाडी अंगणात

(भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमेल तेवढे काढलेत. रेकॉर्डिंगमध्ये मागे भुंकतोय तो आमचा मोती. त्याला काढता आलं नाही.)

आजचा भाग पुण्यातल्या खोलीतून नाही, घोडेगावातून, आमच्या घरातून रेकॉर्ड करतोय. घोडेगाव म्हटलं की पुण्याची मंडळी आंबेगाव तालुक्यातलं समजतात. ते नव्हे. आमचं नेवासा तालुक्यातलं, नगर-संभाजीनगर हायवेवरचं. म्हशींचा बाजार, कांद्याचे लिलाव आणि शिंगणापूरचा फाटा, एवढं सांगितलं की बहुतेकांना कळतं.

विषय आहे घरी उभ्या असलेल्या गाडीची चोरी. आमची गेलेली नाही, आधीच सांगतो. पण दिवाळीत जे झालं त्यानंतर मला दोन रात्री झोप लागली नाही.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी गाडी आली. काळी, मोठी, बटन स्टार्ट. कंपनीचं नाव सांगत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे. डाउन पेमेंटमध्ये कांद्याचे दोन हंगाम आणि माझा एक बोनस गेला, बाकी कर्ज. आप्पांनी आयुष्यभर मोटारसायकल आणि ट्रॅक्टर चालवला. आता गाडी आली तर तिच्यावर रोज सकाळी फडकं फिरतं, आणि लग्नसराईत नवरदेवासाठी तिला मागणी असते. हौसेची गाडी आहे हो. अशी गाडी दारात उभी राहिली की येणारा-जाणारा वळून बघतो. वळून बघणाऱ्यांत सगळेच सोयरे नसतात, एवढंच माझं म्हणणं.

तर दिवाळीत, रात्री साडेअकराला, माझा चार्जर गाडीत राहिला होता. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीला अगदी खेटून. मी बाहेर गेलो, सवयीने हँडलवरचं बटन दाबलं, दार उघडलं, चार्जर घेतला, दार लावलं. परत पायरीवर आलो आणि जागेवरच थांबलो. खिशात चावी नव्हती. मी ती घेतलीच नव्हती.

चावी आत होती, भिंतीला ठोकलेल्या खिळ्यावर. आप्पांचा खिळा. मोटारसायकलची, ट्रॅक्टरची, विहिरीवरच्या मोटरच्या पेटीची, सगळ्या चाव्या तिथेच. आणि त्याच भिंतीच्या पलीकडे गाडी.

हे का होतं ते सांगतो. तुम्ही हँडलचं बटन दाबता तेव्हा गाडी एक हळू हाक मारते, 'चावी, आहेस का जवळ?' ही हाक १२५ किलोहर्ट्झच्या आसपासची, हातभर अंतरापुरती. चावीला ती ऐकू गेली की ती रेडिओवरून, साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर, आपलं सांकेतिक उत्तर देते. उत्तर बरोबर असलं की दार उघडतं. आता विटांची भिंत या हाकेला अडवत नाही. गाडीच्या हिशेबाने चावी हातभर अंतरावरच होती. मध्ये भिंत आहे हे तिला कुठून कळणार?

मी परत जाऊन आत बसलो आणि स्टार्टचं बटन दाबलं. चावी सापडत नाही, असा मेसेज आला. सुरू व्हायला चावी केबिनच्या आत लागते, म्हणून वाचलो.

पण वाचलो म्हणजे किती? इथेच ते रिले प्रकरण येतं. चोर दोघं असतात. एक जण गाडीच्या हँडलपाशी, दुसरा घराच्या भिंतीपाशी, पिशवीत अँटेना घेऊन. पहिला गाडीची हाक पकडतो, दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा ती भिंतीतून चावीला ऐकवतो. चावी प्रामाणिकपणे उत्तर देते आणि ते उत्तर गाडीपर्यंत पोचतं. दार उघडल्यावर हाच खेळ आत बसून, आणि इंजिन सुरू. एकदा सुरू झालं की चावी दूर गेली तरी ते बंद पडत नाही, नुसतं पीप-पीप करतं. चालत्या गाडीचं इंजिन मध्येच बंद पडू नये म्हणून मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला हे फार लागतं. कारण इथे कुणी कोड फोडत नाही. एन्क्रिप्शन जागच्या जागी असतं. खऱ्या चावीचाच आवाज फक्त लांब नेतात.

आणि हे काही नवं नाही. ईटीएच झ्युरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० मॉडेलवर हे करून दाखवलं होतं. नव्या काही गाड्यांच्या चाव्यांत अल्ट्रा वाइडबँड आलंय. त्यात सिग्नलला यायला-जायला किती वेळ लागला यावरून अंतर मोजतात, म्हणून लांबून आणलेलं उत्तर पकडलं जातं. आमच्या चावीत ते नाही.

सकाळी चहाला मी विषय काढला. "आप्पा, चावी खिळ्यावरून काढा."

"का? पंचवीस वर्षं तिथंच हाय."

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शिंगणापूरच्या दिशेला हात केला. "आपण कुणाच्या शेजारी राहतो रे?"

बाहेरच्यांसाठी सांगतो. शनिशिंगणापूर आमच्यापासून जेमतेम पाच-सहा किलोमीटर. तिथल्या घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत. कुत्रं आत येऊ नये म्हणून फळी लावतात किंवा पडदा सोडतात. शनिदेव गावाची राखण करतात आणि चोराला फळ देतात, ही श्रद्धा. आम्ही घोडेगावचे, आमच्या घरांना दारंही आहेत आणि कड्याही. पण त्या श्रद्धेची सावली आमच्या शिवारावरही आहे. आप्पा चेष्टा करत नव्हते. मीही करत नाही. चोराच्या मनातली भीती हे सुद्धा कुलूपच आहे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

फक्त हे कुलूप ज्याच्या मनात आहे त्यालाच अडवतं. २०१० मध्ये शिंगणापुरात बाहेरून आलेल्या एका भाविकाने गाडीतून ३५ हजारांचा ऐवज गेल्याची तक्रार दिली होती. घरातून नव्हे, गाडीतून. पुढे जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तिथे देशातली पहिली बिनकुलपाची शाखा उघडली. मी कॉलेजला असताना हे मित्रांना मोठ्या अभिमानाने सांगायचो. नंतर वाचलं की गावाचा मान राखून दार काचेचं ठेवलंय, पण त्याला सहज दिसणार नाही असं रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप आहे. मला हे फार आवडलं. श्रद्धेला धक्का नाही आणि कुलूपही आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथे पोलिस ठाणंही सुरू झालं. आणि २०२५ मध्ये देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून पूजेचे पैसे घेतल्याचं प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं. त्यात कुणाला उंबरा ओलांडायची गरजच नव्हती.

हे शेवटचं मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बँकेनं कुलूप लावलं तवा देवाला राग आला का?" मी म्हटलं, नाही. "मग लाव तुला काय लावायचं ते."

मग आमच्याकडे डब्यांचा प्रयोग झाला. धातूच्या बंद डब्यात चावी ठेवली तर सिग्नल अडतो, हे तुम्ही रीलमध्ये बघितलं असेल. पण कुठलाही डबा चालत नाही. आईचा पोळ्यांचा डबा घेतला, चावी आत टाकली, गाडीपाशी जाऊन हँडल दाबलं. उघडली! झाकण सैल होतं. मसाल्याच्या डब्याला आईने हात लावू दिला नाही. शेवटी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा मिळाला, झाकण घट्ट बसणारा. चार बाजूंनी, चार दारांपाशी, मागच्या डिकीपाशीही तपासलं. नाही उघडली. तुम्हीही डबा घ्या किंवा बाजारात मिळतं ते सिग्नल अडवणारं पाकीट घ्या, पण गाडीच्या दारापाशी नेऊन तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नका. पाकिटं वापरून झिजतात, तीही दर दोन महिन्यांनी तपासा. काही चाव्यांना रात्रीपुरतं झोपवताही येतं, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

डबा आता आतल्या खोलीत, कपाटात. खिळ्यावर ट्रॅक्टरची चावी एकटी आहे.

आता दुसरी चावी. मी सहज विचारलं, ती कुठाय? आप्पा आईकडे बघायला लागले, आई माझ्याकडे. आठ महिन्यांपूर्वी चुलतभावाच्या लग्नात गाडी सजवायला दिली होती, तेव्हा दुसरी चावी दिलेली. ज्याला दिली तो म्हणतो पुढच्याला दिली. पुढचा म्हणतो मामांना दिली. मामा म्हणतात, मी तर रिक्षाने आलो.

तुम्ही हसाल, पण मला सगळ्यात जास्त घाम इथे फुटला. रिलेवाल्या चोराला दोन यंत्रं आणि साथीदार लागतो. ज्याच्याकडे चावीच आहे त्याला काहीच लागत नाही. आणि समजा उद्या गाडी गेली, तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. एकच दिली तर प्रश्न सुरू. माझा एक सीनियर यातून गेलाय. आठ महिने त्याचा क्लेम अडकला होता.

विम्याचं थोडं बोलतो, कारण फार गैरसमज आहेत. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरी येत नाही. पूर्ण विमा असला तरी नव्या गाडीची किंमत मिळत नाही. दोन वर्षं पूर्ण झाली की ३० टक्के घसारा धरून किंमत ठरते, आणि कर्ज असेल तर आधी बँकेचे पैसे कापले जातात. आमच्या गाडीचा हिशेब मी मांडला. हातात येणाऱ्या रकमेत मोटारसायकल आली असती. चोरी कळली की लगेच ११२ ला फोन, मग गुन्हा नोंदवणं, मग त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवणं. गुन्हा ताबडतोब नोंदवलेला असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलंय. तरी उशीर करू नका, कोर्टात जायची वेळ कशाला आणायची. पैसे मिळायला पोलिसांचा 'तपास लागला नाही' असा शेवटचा अहवाल लागतो, त्याला महिने जातात. आणि फास्टॅगचे मेसेज बघत राहा. टोलचे पैसे कापले गेले की गाडी कुठल्या दिशेला चाललीय ते कळतं, तेवढं पोलिसांना लगेच सांगा. आमच्या दारातच हायवे आहे. तासाभरात गाडी नगरच्याही पुढे.

चावीचा उपाय असा की गाडी आणि हातात असलेली चावी सर्व्हिस सेंटरला न्यायची, जुन्या सगळ्या चाव्या गाडीच्या मेमरीतून पुसायच्या, हातातली परत नोंदवायची आणि नवी दुसरी घ्यायची. हरवलेल्या चावीने मग गाडी सुरू होत नाही. खर्च झोंबला. केला. बिल आणि हरवल्याचा दाखला दोन्ही विम्याच्या फाइलला लावले.

एवढं करून मी खूश होतो. मग ऑफिसातल्या मित्राने विचारलं, "आणि ओबीडी?" स्टीअरिंगखाली मेकॅनिकचं यंत्र लावायचं सॉकेट असतं ना, ते. मागची छोटी काच फोडायची, आत शिरायचं, तिथे यंत्र जोडायचं आणि कोरी चावी गाडीला शिकवायची. तुमची चावी डब्यात असो की तिजोरीत. इंग्लंडमध्ये तर गाड्यांच्या सायबर सुरक्षेवर काम करणाऱ्या इयान टेबरचीच गाडी २०२२ मध्ये गेली. आधी कुणीतरी बंपर आणि हेडलाइटची वायर उचकटलेली त्याला दिसली होती. नंतर त्याने आणि केन टिंडेलने शोधून काढलं की चोर हेडलाइटच्या वायरमधून गाडीच्या आतल्या नेटवर्कमध्ये घुसतात. तेव्हा बंपर अचानक सुटलेला दिसला तर पोरांनी धक्का दिला असेल म्हणून सोडून देऊ नका.

यावर माझ्याकडे सॉफ्टवेअरचं उत्तर नाही, लोखंडाचं आहे. गिअर लॉक बसवला, स्टीअरिंगला आडवा दांडा लावला. दांडा कापता येतो, पण कापायला वेळ लागतो, आवाज होतो, आणि आवाज झाला की मोती उठतो. एक छोटा ट्रॅकर वेगळ्या सिमचा, कुठे लपवलाय ते इथे सांगणार नाही. कंपनीच्या ॲपवर विसंबलो होतो, उघडून बघितलं तर मोफत मुदत संपलेली.

हे सगळं बसवून झालं त्या संध्याकाळी मी आप्पांना दांडा लावून दाखवला. त्यांनी दोनदा हलवून बघितला, बरा आहे म्हणाले. मग ट्रॅक्टर चालू केला, ट्रॉलीसकट मागे घेतला आणि शेडच्या तोंडाशी आडवा लावला. गाडीच्या आणि ट्रॉलीच्या मध्ये वीतभरही जागा नाही.

"आता ने म्हणावं," म्हणाले.

मी म्हटलं, "आप्पा, ट्रॅक्टरची चावी खिळ्यावर आहे. आणि ती चावी गावातल्या निम्म्या ट्रॅक्टरला लागते."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग आत गेले, विहिरीवरची जुनी साखळी आणि कुलूप घेऊन आले, ट्रॉलीचं चाक शेडच्या खांबाला बांधलं आणि किल्ली करगोट्याला अडकवली. ती काही सिग्नल देत नाही.