कॅरलची यादी

(आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ध्वनिमुद्रित केलेल्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याची पद्धत शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मी सावेडीहून बोलतोय. आज आगमनकाळाचा पहिला रविवार. सकाळच्या उपासनेत पहिली मेणबत्ती लागली. शब्बाथ शाळेच्या मुलांनी नाताळच्या नाटकातली कामं वाटून घेतली, आणि नेहमीप्रमाणे मेंढपाळ व्हायला कोणी तयार नाही, सगळ्यांना मागी लोकच व्हायचंय. महिला मंडळाने फराळाचं सामान लिहून काढलं. म्हणजे आपला डिसेंबर सुरू झाला.

आज मला बोलायचंय ते मात्र एका यादीबद्दल. कॅरलची यादी.

गेल्या आठवड्यात आमच्या पास्टरेट कमिटीची बैठक झाली. मीही त्या कमिटीवर आहे. तरुण संघाने यंदाच्या कॅरल फेरीचा आराखडा मांडला आणि त्यात एक सूचना होती, की अकरा घरं यादीतून कमी करावीत. काही कुटुंबं दोन-तीन वर्षांपासून दुसऱ्या फेलोशिपमध्ये जातात. काहींची वर्गणी थकलेली आहे. आणि काही घरं मागच्या निवडणुकीत हरलेल्या बाजूची आहेत, तेव्हापासून ती उपासनेला फिरकलेली नाहीत.

सूचना मांडणाऱ्या मुलाचं म्हणणं सरळ होतं. सावेडी आता केवढी पसरली आहे! प्रोफेसर कॉलनी, पाईपलाईन रोड, भिस्तबाग, तपोवन रोड. थंडीत दुचाकीवर ढोलकी आणि पेटी सांभाळत फिरायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉलेज नाहीतर नोकरी. मग जे आपल्याकडे येत नाहीत त्यांच्याकडे आपण का जायचं? निर्णय झाला नाही. येत्या शनिवारी पुन्हा बैठक आहे. माझं मत मी तिथे मांडणारच आहे, पण ते कुठून आलं हे आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण असा प्रश्न फक्त आमच्याच मंडळीत असेल असं मला वाटत नाही.

आधी एक गंमत सांगतो. आगमनकाळ हा आपल्या नगरच्या जुन्या मंडळ्यांचा मूळचा सण नाहीच. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले ते 1831 च्या डिसेंबरात. महिना बघा, डिसेंबर! पण ते ज्या न्यू इंग्लंडमधून आले तिथे नाताळ हा तेव्हा बहुतेकांना कामाचाच दिवस होता. त्यांच्या प्युरिटन पूर्वजांनी तर मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 साली कायदाच केला होता, की नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड. तो कायदा 1681 साली मागे घेतला, पण सवय लवकर गेली नाही. नाताळची सुट्टी तिथे कायद्याने मिळाली ती 1856 साली. आणि प्रेसबिटेरियन लोकांचं माहेर म्हणजे स्कॉटलंड, तिथे ती सार्वजनिक सुट्टी झाली 1958 साली. म्हणजे आपल्याकडे लोक नाताळला नवे कपडे घालून गावभर फिरत होते, तेव्हा स्कॉटलंडमध्ये पुष्कळ जण कामावर जात होते.

मग ही मेणबत्ती आपल्याकडे आली कुठून? आगमनकाळ पाळण्याची रीत जपली होती ती मुख्यतः अँग्लिकन, लुथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी. आणि मेणबत्त्यांच्या चक्राची गोष्ट जर्मनीतली आहे. हॅम्बुर्ग शहरात योहान विशर्न नावाचे एक पाळक निराधार मुलांसाठी आश्रम चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ आला का, नाताळ आला का? तेव्हा 1839 साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान तांबड्या. रोज एक पेटवायची. मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून केलेली ही सोय.

मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या मुलांना घर नव्हतं, घरी त्यांची वाट पाहणारं कोणी नव्हतं. म्हणून त्यांच्यासोबत कोणीतरी वाट पाहायला बसलं. आपल्या नगर जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. छप्पनच्या दुष्काळानंतर, म्हणजे 1899-1900 च्या उपासमारीनंतर, मिशनच्या आवारात अनाथ मुलं सांभाळली गेली. आज सावेडीत बंगला बांधलेल्या कितीतरी कुटुंबांच्या पणजोबांची कहाणी तिथूनच सुरू होते. त्या मुलांपैकी कोणाचं नाव आधी कुठल्या यादीत होतं?

आता मंडळीच्या कारभाराकडे येतो. कारण यादीचा प्रश्न शेवटी कारभाराचाच आहे.

नगरच्या मंडळ्या काँग्रिगेशनल पद्धतीच्या. प्रत्येक मंडळी आपला निर्णय आपणच घेणार, वर कोणी नाही. दुसरीकडे कोल्हापूर, सांगली, मिरज भागातल्या मंडळ्या प्रेसबिटेरियन. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल त्याच परंपरेतलं. गंमत अशी, की कोल्हापूरच्या त्या कामाचं मूळ नगरमध्येच आहे. रॉयल वाइल्डर नावाचे मिशनरी आधी नगरला होते, ते 1852 साली कोल्हापूरला गेले आणि पुढे 1870 मध्ये ते काम अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेलं. म्हणजे नगर आणि कोल्हापूर हे तसे एकाच घरातले दोन भाऊ, चुली वेगळ्या झालेले.

प्रेसबिटेरियन हा शब्द ऐकायला अवघड, पण अर्थ साधा. ग्रीक भाषेत प्रेसबिटेरोस म्हणजे वडील. मंडळीचा कारभार वडीलजनांनी एकत्र बसून करायचा, आणि एका भागातल्या मंडळ्यांनी मिळून वरच्या सभेत बसायचं. एकट्या पाळकाने ठरवायचं नाही, एकट्या श्रीमंत सभासदाने नाही आणि एकट्या मंडळीनेही नाही. यात वेळ फार जातो. तरुण मुलं म्हणतात, काका, तुमच्या मीटिंगमध्ये चहा तीनदा होतो आणि ठराव एकही होत नाही. खरं आहे! पण त्या पद्धतीच्या पोटात एक विश्वास आहे. जो अजून पटलेला नाही त्याच्यासाठी थांबायचं. त्याला सोडून पुढे गेलो तर काम लवकर होईल, पण मंडळी लहान होईल.

हे दोन भाऊ 1924 साली एका छत्राखाली आले, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया या नावाने. पुढची वाट आणखी लांब होती. एकीकरणाची मोठी बोलणी लखनौला 1929 साली सुरू झाली. प्रश्न साधे नव्हते. बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा लहानपणी द्यायचा की मोठेपणी, कोणाची दीक्षा खरी मानायची. माणसं बोलत राहिली. ज्यांनी बोलणी सुरू केली त्यांतले पुष्कळ जण वारले, त्यांच्या जागी दुसरे बसले. स्वातंत्र्य आलं, फाळणी झाली, मिशनरी परत गेले. आणि एक्केचाळीस वर्षांनी, 29 नोव्हेंबर 1970 ला, नागपुरात सहा मंडळ्यांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं.

तो रविवार होता. कॅलेंडर काढून बघा. आगमनकाळाचा पहिला रविवार.

आणि त्या दिवसाबद्दल एक गोष्ट आपण फार कमी सांगतो. खरं तर सात मंडळ्या येणार होत्या. मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ही मोठी मंडळी बोलण्यांत अनेक वर्षं होती आणि 1970 मध्येच, अगदी शेवटच्या टप्प्यावर, तिने न येण्याचं ठरवलं. बाकीच्या सहा जणांनी दिवस पुढे ढकलला नाही. पण मला त्या नागपूरच्या मंडपात ती सातवी रिकामी जागा दिसत राहते. आपली एकी सुरू झाली तीच एकाची उणीव घेऊन. म्हणून 'आम्ही एक झालो' असं म्हणताना थोडं थांबावं आणि कोण आलं नाही हेही बघावं.

वचनाकडे वळू या. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय घरी वाचा. जखऱ्या याजक मंदिरातून बाहेर येतो तो मुका होऊन. बोलणारा माणूस, त्याला महिनोन् महिने गप्प राहावं लागलं. त्याच काळात मरीया उठून डोंगराळ भागात निघते आणि अलीशिबेच्या घरी जाते. ती तिथे सुमारे तीन महिने राहिली. एक वयस्कर बाई, एक तरुण मुलगी, दोघींच्याही पोटात बाळ, दोघींच्याही मागे लोकांची कुजबुज असणार. बायबलमधली आगमनकाळाची पहिली गोष्ट ही अशी आहे. कोणीतरी कोणाच्यातरी दारात जाऊन उभं राहतं. आणि पुढे बातमी प्रथम कळते ती मेंढपाळांना, ज्यांचं काम आमच्या शब्बाथ शाळेत कोणाला नको असतं.

वाट एकमेकांसोबत पाहायची असते, हे आपल्याला सावेडीत शिकवायला नको. नळाला पाणी आलं की ज्याच्या घरी आधी आलं तो शेजाऱ्याला हाक मारतो, अहो, पाणी आलं! तेव्हा कोणी विचारत नाही, की ह्याने सोसायटीची वर्गणी भरली का.

आपल्या नगरच्याच घरातलं एक उदाहरण देतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. लक्ष्मीबाई तेव्हा तयार नव्हत्या. त्या दुखावल्या होत्या, दूर राहत होत्या, पुढे एकत्र आल्यावरही सोवळंओवळं पाळत होत्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला 1900 साली. मध्ये पाच वर्षं गेली. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे की ती वर्षं सोपी नव्हती, दोघांनाही. पण दार लावून घेतलं गेलं नाही. समजा, कोणी हिशोब मांडून म्हटलं असतं की ही बाई आपल्याकडची नाही, हिचं नाव काढा, तर मराठी ख्रिस्ती समाज आज किती गरीब असता!

आता शनिवारच्या बैठकीत मी काय म्हणणार आहे ते सांगतो. अकराच्या अकरा घरं यादीत राहावीत. इतकंच नाही, पहिल्या रात्री त्यांच्याकडेच जावं, गळे ताजे असताना, मुलं दमलेली नसताना. वर्गणीची पिशवी त्या दारांत बाहेरच काढू नये. ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांतल्या एका घरी आजारपण आहे, एका घरी नोकरी गेली आहे, हे कमिटीतल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. पिशवी पुढे केली की गाणं वसुलीसारखं ऐकू येतं.

आणि दार उघडलं नाही तर? हा प्रश्न बैठकीत आलाच. दार उघडलं नाही तर फाटकाबाहेर उभं राहून एक गाणं म्हणायचं, हळू आवाजात, ढोलकी न वाजवता, आणि पुढे जायचं. आतल्या माणसाला ऐकू जातं. निवडणुकीबद्दल एक अक्षर काढायचं नाही. तो विषय कमिटीने वेगळ्या दिवशी, दिवसाउजेडी, समोरासमोर बसून घ्यायचा आहे. तोही टाळता येणार नाही. कॅरल म्हटल्याने भांडण मिटत नाही, हे मला कळतं. जे दुखावले गेले त्यांचं काही म्हणणं आहे, आणि त्यांच्याकडून ज्यांना शब्द ऐकावे लागले त्यांचंही आहे. पण ज्या दारात आपण वर्षभर गेलोच नाही, त्या दारात समेटाची भाषा घेऊन एकदम कसं जाणार? आधी गाणं जाऊ दे.

कमिटीने माझं ऐकलं नाही तर मी ठराव मान्य करीन, कारण एकत्र बसून ठरवणं हीच आपली रीत आहे. फक्त फेरीच्या आधी एका संध्याकाळी मी आणि आमच्या घरचे त्या अकरा घरी चहाला जाऊन येऊ. त्यासाठी ठरावाची गरज नाही.

तुमच्या मंडळीतही अशी यादी ह्याच आठवड्यात होत असेल. गावात असा, पुण्या-मुंबईत असा किंवा परदेशात मराठी उपासनेला महिन्यातून एकदा जमत असा. यादी हातात आली की कोण आहे हे बघून झाल्यावर कोण गळलंय तेही वाचा. मग एक फोन करा. 'यंदा आम्ही कॅरलला येतोय, घरी आहात ना?' एवढं विचारलं तरी पुरे.

चला, प्रार्थना करू या. हे प्रभू, तू आमच्या दारी यायला कोणाची परवानगी मागितली नाहीस, आणि आमची नावं तपासली नाहीस. जी घरं आमच्यापासून तुटली त्यांना सांभाळ, आणि आमच्या पायांना त्या रस्त्याची सवय लाव. शनिवारच्या बैठकीत आम्हाला ऐकायचं मन दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

पुढच्या रविवारी, दुसऱ्या मेणबत्तीच्या दिवशी, पुन्हा भेटू. सलाम.