बदल झाला, पण कळला कुणाला?

काही वर्षांपूर्वी मी एका दूध संकलन केंद्रासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला. लिटर आणि फॅट भरली की पैसे पडद्यावर दिसत. एकदा फॅटचा चुकलेला आकडा ३.५ वरून ४.५ असा दुरुस्त केला. रक्कम मात्र जुनीच राहिली आणि तशीच पावती छापली गेली. दूध घालायला आलेल्या आजी म्हणाल्या, "बाळा, फॅट वाढली, मग पैसे तेवढेच कसे?"

हिशेबाचं सूत्र बरोबर होतं. फॅट बदलल्याची वर्दीच रकमेच्या चौकटीला मिळत नव्हती. उपाय दोन होते. रकमेने क्षणाक्षणाला 'बदललं का?' असं विचारत बसायचं, किंवा फॅटनेच बदलताक्षणी कळवायचं. दुसरा मार्ग शहाणपणाचा. जावा भाषेत १९९० च्या दशकापासून ही सोय आहे. ज्याला बातमी हवी त्याने आधी नाव नोंदवायचं. मग काय बदललं, जुना आकडा कोणता, नवा कोणता, हे नोंदलेल्या प्रत्येकाला कळवलं जातं. जुना आणि नवा आकडा एकच असेल तर मात्र वर्दी जात नाही. ही अट मोलाची. नाहीतर एकमेकींवर अवलंबून असलेल्या दोन चौकटी एकमेकींना हाका मारतच राहतील.

मी रकमेचं नाव नोंदवलं. आजींना नवी पावती मिळाली, राहिलेले पैसेही. तेव्हापासून नवं काम हाती घेतलं की मी आधी विचारतो : इथे काही बदललं, तर कुणाकुणाला कळायला हवं?