नमुना डोंगराखाली जाईपर्यंत



मी सातपुड्याच्या पायथ्याच्या तळोद्याचा. आता पुण्यात आरोग्यक्षेत्रातल्या नव्या कंपन्यांत भांडवल गुंतवतो.

मार्च 2020 मध्ये पुण्याच्या मायलॅबचं कोरोना चाचणीचं किट सहा आठवड्यांत तयार झालं. ते घडवणाऱ्या चमूच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले यांनी ते 18 मार्चला राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे (एनआयव्ही) तपासणीला दिलं, आणि पाठोपाठ त्यांना मुलगी झाली. सगळ्यांनी सहा आठवडे मोजले. पण ही कंपनी 2016 पासून एचआयव्ही, हिपॅटायटिसच्या चाचण्यांवर राबत होती. ‘सीरम’च्या अदर पूनावालांचं भांडवल एप्रिलमध्ये आलं, किटला मान्यता मिळाल्यावर. मोठा पैसा बहुधा असाच येतो. माझा जीव अडकतो तो त्याआधीच्या वर्षांत.

त्या वर्षांसाठी बायरॅक या जैवतंत्रज्ञानासाठीच्या सरकारी संस्थेचं ‘बिग’ अनुदान आहे, 50 लाखांपर्यंत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर प्रयोगशाळा देतं. पुढे रुग्णांवरच्या चाचण्या, परवाने. तिथे आम्ही कंपनीत हिस्सा घेऊन पैसे घालतो आणि वर्षानुवर्षं थांबतो. पुष्कळ कंपन्या बुडतात, तरी घालतो.

सिकलसेल हा आदिवासी भागात जास्त आढळणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. काही वर्षांपूर्वी त्याच्या चाचणीचा एक प्रस्ताव मी परत पाठवला. बाजार लहान वाटला. भिल्ल-पावरा मित्रांबरोबर वाढलेल्या माझ्याकडून हे झालं, ते आजही सलतं.

सिकलसेलची साधी सोल्युबिलिटी चाचणी गावातच होते, पण माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्तात तर ती चालतच नाही, कारण त्यात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं. मग पक्क्या निदानासाठी बहुतेकदा इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे नमुना डोंगर उतरून खाली मोठ्या प्रयोगशाळेत. तोवर पोरगं सांधे धरून रडतं आणि घरचे वाताचं औषध देतात.

जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं. आफ्रिकेत हा आजार आपल्याहून कितीतरी मोठा. मला लहान वाटलेला बाजार हा!

पुण्यात हुशार मुलं आहेत, यंत्रं आहेत. पण डोंगरातल्या मोलगीच्या उन्हात, धुळीत, वीज गेल्यावर चाचणीचं यंत्र चालेल का, हे त्यांना ठाऊक नाही. इथल्या विद्यार्थ्यांनो, तुम्हाला आहे.

आजच्या बक्षीस समारंभानंतर मी तुमच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसणार आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या मुलामुलींनी जरूर या. तुमच्या उपकेंद्रात वीज किती तास असते, नमुना कोणत्या गाडीने खाली जातो, निकाल किती दिवसांनी येतो, हे मला वहीत लिहून न्यायचं आहे.